पुढचं पान कुठाय?

वाचकांचे प्रश्न : कथालेखन

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. कथा लिहून होते, पण वाचणारा ती अर्ध्यावर ठेवतो. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. चिपळूणच्या गुरुजींना जास्त जागा दिली, कारण त्यांनी कथेची पानंही पाठवली आणि ती इथे वापरायला आनंदाने परवानगी दिली.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तीन वर्षांत अकरा कथा लिहिल्या. सहकारी वाचायला नेतात, 'भाषा छान आहे' म्हणतात आणि परत देतात. शेवट कसा वाटला विचारलं तर गप्प होतात, कारण तिथवर कुणी गेलेलंच नसतं. सोबत 'तर' या कथेची पानं जोडली आहेत. खाडीवर पूल होतो आणि तर चालवणाऱ्या, म्हणजे होडीनं माणसं पलीकडे पोचवणाऱ्या तात्यांचा धंदा बसतो, असा विषय आहे. कुठे चुकतंय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गुरुजी, तुमची पानं मी दोनदा वाचली, एकदा दुपारी आणि एकदा रात्री जेवणं झाल्यावर. पहिल्या पानावर पहाट आहे. तांबडं फुटलंय, पाखरांची किलबिल आहे, खाडीवर धुकं आहे. तात्या उठतात, चूळ भरतात, चहा घेतात. दुसऱ्या पानावर तात्यांच्या वडिलांची हकीकत. तिसऱ्यावर पूल मंजूर कसा झाला ते. आणि चौथ्या पानाच्या मध्यावर, एका लांबलचक वाक्याच्या पोटात हे आहे : 'पुलाचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं, तरी तात्यांनी त्या संध्याकाळी होडीच्या फटींत कापूस ठासून वर डांबर फिरवलं.'

इथे मी पेन खाली ठेवलं. उद्यापासून जिच्यात कुणी बसणार नाही, त्या होडीची डागडुजी हा माणूस आज का करतोय? गुरुजी, तुमची कथा इथे सुरू होते. आधीची साडेतीन पानं तुम्ही स्वतःला त्या काठावर नेण्यासाठी लिहिलीत. तुम्हाला ती लागणारच होती. वाचकाला लागत नाहीत.

हे मी कुठे शिकले ते सांगते. १९७८ ते १९९१ मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, हातानं जुळवण्याचे ते शेवटचे दिवस. कंपोझिटर उभ्यानं काम करायचे. समोर खिळ्यांची तिरपी पेटी, म्हणजे केस, तिच्या खणांत काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी. अक्षरं उलटी, आणि कॉपीतून, म्हणजे लेखकाच्या हस्तलिखितातून, एका वेळी उचलायचे चार-पाच शब्द. अशा माणसाला मजकूर वाचायचा नसतो, जुळवायचा असतो. आमच्याकडे एक वयस्क कंपोझिटर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. दिवाळी अंकांच्या हंगामात कितीतरी कथा त्यांच्या हातून जायच्या. कथा कशी आहे विचारलं तर म्हणायचे, 'मला नाही माहीत बाई, मी वेलांट्या बसवतो.' पण हंगामात दोन-तीनदा असं व्हायचं, की अण्णा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, 'पुढचं पान कुठाय?' त्यांच्याकडे काम नसायचं असं नाही. दुसऱ्या अंकाची गॅली, म्हणजे जुळवलेल्या मजकुराचा ट्रे, अर्धी पडलेली असायची. त्यांना पुढे काय झालं ते हवं असायचं.

मी ती पानं लक्षात ठेवू लागले. एक अजून डोळ्यापुढे आहे. एक बाई माहेरी निघालीय. पिशवीत दोन किलो शेंगदाणे, घरात न विचारता घेतलेले, आईसाठी. एस.टी. सुटता सुटता थांबते आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर येऊन बसतात तिचे सासरे. पान तिथे संपलं होतं आणि पुढची कॉपी संपादकांकडून यायची होती. जेवणाची सुट्टी झाली, अण्णांनी डबा सोडला, भाकरी हातात घेतली आणि तसेच माझ्याकडे आले. लिहिणारी नवखी होती, शुद्धलेखनाच्या चुका सावरता सावरता माझा जीव जायचा. पण ते दोन किलो शेंगदाणे! खून नाही, दरोडा नाही. एका बाईला एक साधी गोष्ट हवी आहे आणि ती उघडी पडण्याची भीती शेजारी येऊन बसली आहे.

तुमच्या तात्यांकडे तसं काही आहे, गुरुजी. फक्त ते चौथ्या पानावर दडलंय. मी धाडस करून सुरुवात अशी मांडून पाहिली :

'तात्यांनी डांबराचा डबा चुलीवरून उतरवला तेव्हा पुलाच्या कठड्याला पताका बांधणं चाललं होतं. होडी पालथी घातली होती. मधल्या फळीला केसभर फट होती, गेल्या पावसापासूनची. कापसाची वात वळून त्यांनी ती फटीत ठासली, वरून डांबराचा हात फिरवला.
"ओ तात्या, उद्या मंत्री येतायत!" वरून कुणीतरी ओरडलं.
"सुकती कधी लागतेय उद्या?" तात्यांनी विचारलं.'

तात्यांना वाईट वाटतंय असा शब्द मी कुठे घातला नाही. ते भरती-ओहोटीची वेळ विचारतायत, म्हणजे उद्या होडी पाण्यात जाणार. कुठे? कुणाला घेऊन? आता तुम्ही वडिलांची हकीकत सांगा, पूल कसा मंजूर झाला ते सांगा, वाचक ऐकून घेईल, कारण त्याला उत्तर हवंय आणि ते त्या हकीकतीत सापडेल असं त्याला वाटतंय. हीच माहिती आधी दिलीत तेव्हा त्यानं ती मागितलेली नव्हती.

आता अवघड भाग. तुमच्या कथेत तात्या शेवटी होडी सरपणाला विकतात आणि काठावर रडत बसतात. हे मला पटलं नाही. सरपणाला विकायची होडी कुणी डांबर लावून ठेवत नाही. तुमच्या हातानं ते डांबराचं वाक्य लिहिलं आणि तुमच्या डोक्यानं आधीच ठरवलेला शेवट त्याला जोडला. हात खरं बोलला होता. उद्या होडीतून कुणाला तरी पलीकडे जायचं आहे. पूल वरच्या अंगाला आहे, गुडघे धरलेली एखादी म्हातारी तेवढं चालू शकत नसेल. किंवा तात्यांनी कुणाला शब्द दिला असेल. मला माहीत नाही, तुम्ही त्या काठावर राहता. शाळा सुटल्यावर एक दिवस तरीवर जाऊन बसा आणि बघा, पूल झाल्यावरही कुणाची अडचण होणार आहे. तुमचा शेवट त्या माणसाकडे आहे. नवीन पानं मला जरूर पाठवा, मी वाट बघते आहे.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर भागाभागांनी कथा लिहिते. प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का द्यायचा असं सगळे सांगतात, म्हणून देते. सुरुवातीला भरपूर वाचक होते, चौदाव्या भागानंतर गळती लागली. अजून मोठे धक्के द्यायला हवेत का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नको गं बाई. तू पाठवलेले भाग मी सलग वाचले. सहाव्या भागाच्या शेवटी दार वाजतं, अनघा थरथरत कडी काढते. सातव्यात कळतं की दूधवाला होता. नवव्यात फोनवर 'ती बातमी' ऐकून ती मटकन खाली बसते. दहाव्यात कळतं की परीक्षा पुढे ढकलली. वाचक दोनदा फसला. तिसऱ्यांदा दार वाजलं तेव्हा तो आलाच नाही. त्याची चूक नाही.

भागाभागांनी लिहिणं तुमच्या पिढीनं काढलेलं नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः यायच्या. 'पण लक्षात कोण घेतो' ही यमूची कहाणी त्यातच आली. यमू स्वतःच्या तोंडानं, घरातल्या बायका बोलतात तशा भाषेत आपली हकीकत सांगते. तो काळ विधवांचे केस कापण्याचा. वाचक आठवडाभर थांबायचा तो दारात कोण आलं म्हणून नव्हे. या मुलीचं आता घरात काय होणार, हा घोर त्याला लागलेला असायचा.

माझ्या लहानपणी आमच्या गावात रामनवमीच्या उत्सवात कीर्तन असायचं. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, मग बुवांना हार, बुक्का, आणि मग उत्तररंगात आख्यान. पूर्वरंगाला पेंगणाऱ्या बायका आख्यानाला टक्क जाग्या व्हायच्या. हरिश्चंद्राचं आख्यान मी निदान सहा वेळा ऐकलं असेल. तारामती रोहिदासाचं कलेवर घेऊन स्मशानात येते. पहाऱ्यावर हरिश्चंद्र आहे, डोंबाचा चाकर. अंधारात तो तिला ओळखत नाही आणि कर मागतो. तिच्याकडे द्यायला काही नाही. मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं की हा तिचा नवरा आहे, आणि हे पोर त्याचंच आहे. शेवटी देव प्रसन्न होतात हेही ठाऊक असायचं. तरी माझी आजी पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. बुवांनी काहीच लपवलं नव्हतं. उलट, त्या दोघांना जे माहीत नाही ते आम्हाला माहीत होतं म्हणूनच जीव खालीवर व्हायचा.

तुझ्या अनघाच्या नवऱ्याची नोकरी गेली आहे आणि तो रोज डबा घेऊन बाहेर पडतो, हे तू पंधराव्या भागापर्यंत राखून ठेवलंयस. ते दुसऱ्या भागात सांगून टाक. वाचकाला सांग, अनघाला सांगू नकोस. मग ती सकाळी पोळ्या लाटताना 'आज भाजी जास्त देते, तुमचे साहेबही खातात ना' एवढंच म्हणाली तरी वाचकाच्या पोटात गोळा येईल. दार वाजवायची गरज पडणार नाही. आणि एक पथ्य पाळ : तुझ्या पात्राला जे माहीत आहे आणि ज्याचा ते त्या क्षणी विचार करत आहे, ते वाचकापासून चोरू नकोस. त्याच्या मनात शिरून बसायचं आणि नेमकी तीच गोष्ट झाकायची, ही फसवणूक आहे आणि वाचकाला ती कळते.

प्रश्न : मी अकोट तालुक्यातला. कथेतली माणसं वऱ्हाडी बोलतात. एका संपादकांनी कथा परत पाठवली, म्हणाले पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही, निदान कंसात अर्थ तरी द्या. देऊ का?
— एक वाचक, अकोट

उत्तर : कंस देऊ नका. वाचक तुमच्या शेतात उभा असतो आणि कंस आला की कुणीतरी त्याच्या खांद्याला हात लावून त्याला बाजूला नेतं. तुम्ही 'पऱ्हाटी' लिहिता. पुण्याच्या वाचकाला तो शब्द नवा असेल. पण 'वेचा संपला तशी त्यानं पऱ्हाटी उपटली, बांधावर गंजी लावली, म्हणाला, वर्षभर चुलीले झालं' असं लिहिलंत की तीन गोष्टी त्याला आपोआप कळतात : झाड आहे, कापसाचं आहे, आणि वाळल्यावर जळतं. 'काहून', 'मले', 'तुले' तर कुणालाही दोन ओळींत सवयीचे होतात. निवेदन प्रमाण भाषेत आणि बोलणं वऱ्हाडीत ही वाट व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील यांच्यासारख्यांनी आपापल्या मुलखाच्या बोलीसाठी केव्हाच रुळवून दिली आहे. ते दोघे आणि द. मा. मिरासदार कथाकथनाला गावोगाव जायचे आणि शहरी श्रोता एकही शब्द न अडता हसायचा, गलबलायचा.

माझी तक्रार वेगळी आहे. तुमचा बाप, मुलगा, सावकार आणि मुलाची बायको, चौघंही एकाच पट्टीत बोलतात. बोली वऱ्हाडी आहे एवढ्यानं ती माणसं वेगळी होत नाहीत. बाप प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर देत असेल. सून सासऱ्यासमोर वाक्य अर्ध्यात सोडत असेल. सावकार एरवी वऱ्हाडी बोलत असेल आणि व्याजाची गोष्ट निघाली की पुस्तकी भाषेवर येत असेल. नावं झाकून संवाद मोठ्यानं वाचा, आणि कोण बोलतंय ते घरातल्या कुणाला ओळखता येतं का बघा. मग पुन्हा त्याच संपादकांकडे पाठवा.

प्रश्न : दिवाळी अंकासाठी कथा किती शब्दांची असावी आणि कधी पाठवावी?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : ज्या अंकाला पाठवायची त्यांनाच शब्दमर्यादा विचारा, प्रत्येकाची वेगळी असते. पाठवायची ती पावसाळ्याच्या तोंडाशी. आमच्या छापखान्यात आषाढापासून कॉपी यायला लागायची आणि गणपतीत फर्मे, म्हणजे छपाईसाठी बांधलेली पानं, मशीनवर चढलेले असायचे. घटस्थापनेला आलेली कथा कितीही चांगली असली तरी पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जायची.

प्रश्न : माझ्या मावशीच्या आयुष्यावर मी कथा लिहिली. नाव बदललं, गाव बदललं. तरी तिनं ओळखलं आणि बोलणं बंद केलं. मी एकही गोष्ट खोटी लिहिलेली नाही. आणि गंमत म्हणजे वाचकांना नेमका तिचाच भाग 'ओढून ताणून आणलेला' वाटतो. मी काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातली ही दोन दुःखं मला एकच वाटतात. का, ते माझ्याच अनुभवातून सांगते.

१९८३ साली माझी एक कथा एका मासिकात आली. तिच्यात एक म्हातारा रोज दिवेलागणीला पंचांग उघडतो, त्यात ठेवलेल्या नोटा अंगठा ओला करून मोजतो आणि कुणी आलं की पंचांग मिटतो. तो माझा मामा होता, खटाव तालुक्यातला. नाव बदललं होतं, पण अंगठा, पंचांग, दिवेलागण सगळं तसंच. कथेत मी त्याला कंजूष केलं होतं, कारण आम्ही भाचरं त्याला लहानपणापासून तसंच समजत होतो. मामानं कथा वाचली आणि आमच्याकडे येणं सोडलं. मी आईला सांगायची, 'खोटं काय लिहिलंय? रोज मोजतोच की.' संपादकांनी मात्र छापण्याआधीच कळवलं होतं की म्हातारा कागदी वाटतो. मला ते मुळीच पटलं नव्हतं. ज्याला मी डोळ्यांनी रोज पाहिलंय तो कागदी कसा?

दोन वर्षांनी मामा आला. पिशवीत ते मासिक होतं. मला समोर बसवून त्यानं पंचांगाचा परिच्छेद काढला. त्याच्याभोवती पेन्सिलीनं चौकट होती. म्हणाला, 'पोरी, मी मोजत होतो हे तू बरोबर लिहिलंस. कुणासाठी मोजत होतो ते विचारायला यायचं होतंस.'

१९७२ च्या दुष्काळात बैलांच्या वैरणीसाठी त्यानं माझ्या आईच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. आईनंच काढून दिल्या होत्या, कुणाला सांगायचं नाही या बोलीवर. अकरा वर्षं तो त्या सोडवायला पैसे साठवत होता. दुसऱ्या पावसात बैल गेले, कर्ज राहिलं. पाटल्या शेवटी सुटल्या त्या माझी कथा आली त्याच साली.

मी माणूस बाहेरून हुबेहूब उतरवला होता. तो असं का करतो, हे स्वतःला विचारण्याची मला गरजच वाटली नाही, कारण 'हे खरं आहे' हे उत्तर माझ्यापाशी तयार होतं. एखादं पात्र मी कल्पनेनं घडवलं असतं तर त्याला काय हवंय हे मला शोधावंच लागलं असतं. मामाच्या बाबतीत मी ते टाळलं, आणि संपादकांना नेमकं तेच भोक दिसलं होतं. तुमच्या वाचकांना मावशींच्या भागात तेच जाणवत असावं, असा माझा अंदाज आहे.

तुम्ही लिहिलंय की मावशी तेवीस वर्षं स्वतंत्र चूल मांडून एकटी राहिली आणि सणालाही सासरच्या घरात जेवली नाही. हे तुम्ही पाहिलंत. का, ते कथेत कुठेच नाही. तुम्ही 'मानी स्वभाव' म्हणून पुढे गेलात.

मावशींकडे जा. कथा सोबत नेऊ नका आणि पहिल्या भेटीत तिचा विषयही काढू नका. त्या चुलीपाशी बसल्या की जवळ बसा, भाजी निवडू लागा. बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तर पुन्हा जा. त्यांनी कधी सांगितलंच, तर ते लिहायचं की नाही, हे त्यांनाच विचारा. नको म्हणाल्या तर ती कथा राहू द्या.